‘नक्की ना, आई?’ला किती वेळा ‘नक्की’ म्हणायचं?

पत्राचा सारांश: हे पत्र पावणेसात वर्षांच्या एका मुलाच्या आईचं आहे. गेले सात-आठ महिने मुलगा दाराच्या मुठींना हात लावत नाही, त्याच्यासाठी प्रत्येक दार आई उघडते. बाहेरून आलेल्याने कपडे बदलल्याशिवाय त्याच्या खोलीत जायचं नाही, हा नियम त्याने केला आणि अकरा वर्षांच्या ताईसकट सगळं घर तो पाळू लागलं. रात्री झोपताना आईने ‘दार लावलंय, दिवे बंद आहेत, सगळे ठीक आहेत, सकाळी भेटू’ ही वाक्यं याच क्रमाने म्हणायची. मध्ये खोकला आला तर पुन्हा पहिल्यापासून. आधी एकदा म्हणून भागायचं, आता पाऊण तास जातो. बालमानसोपचारतज्ज्ञांनी ओसीडीचं (मनात त्याच त्या शंका येत राहतात आणि त्या शमवायला त्याच त्या कृती कराव्या लागतात, अशा आजाराचं) निदान केलं आणि समुपदेशक म्हणाले, ‘सुरुवातीला मुलाला आणू नका, तुम्ही दोघं या.’ आई लिहितात: ‘आजार त्याला आणि उपचार आमच्यावर? म्हणजे चूक माझीच, असंच ना? ती वाक्यं म्हणणं हळूहळू बंद करा म्हणतात. रडणाऱ्या लेकराला “नक्की” एवढा शब्दही द्यायचा नाही? नवरा म्हणतो, दोन दिवस कडक वागलं की सुटेल. सासूबाई म्हणतात, वय आहे, जाईल आपोआप. मी कुणाचं ऐकू? आणि पहिल्या रात्री “आई, तू का म्हणत नाहीस?” असं तो विचारेल, तेव्हा काय सांगू?’

तुमच्या पत्रातला तो खोकला माझ्या डोक्यातून जात नाहीये. मुलाच्या उशाशी बसून, घशाशी आलेला खोकला गिळत, चार वाक्यं एका दमात संपवू पाहणारी आई. आजार मुलाला आहे, पण त्याची हुकमत तुमच्या घशापर्यंत पोचलीय. ‘उपचार आमच्यावर का’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तिथेच दिसतं.

आधी ‘चूक माझी’ याबद्दल बोलू. ते मनात ठसठसत असताना पुढचं काही कानात शिरायचं नाही. ओसीडी आईच्या लाडाने होत नाही आणि बापाच्या धाकानेही होत नाही. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून असं दिसतं, की लहान वयात दिसणाऱ्या या लक्षणांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा साधारण ४५ ते ६५ टक्के असतो. (म्हणून लगेच दोन्हीकडच्या नातेवाइकांची यादी काढायला बसू नका, भांडणाखेरीज त्यातून काही निघत नाही.) दम्याच्या मुलाच्या आईला पंप कसा द्यायचा ते शिकवतात, तेव्हा दमा तिनेच लावला असं कुणी म्हणत नाही. समुपदेशक तुम्हाला पंप द्यायला शिकवण्यासाठीच बोलावतायत.

पण एक गोष्ट गोड बोलून टाळणार नाही. आजार तुम्ही लावला नाहीत, तरी तो रोज चालतो त्यात तुमचा हात आहे. अगदी शब्दशः हात, दाराची मूठ फिरवणारा. मुलाच्या मनात शंका येते, की मुठीला काहीतरी लागलंय, हात लावला तर काहीतरी वाईट होईल. छाती धडधडते. तुम्ही दार उघडता आणि धडधड थांबते. यातून त्याने काय धडा घेतला? दार निर्धोक होतं, हे त्याला कळलंच नाही. त्याला कळलं ते एवढंच, की आईने उघडलं म्हणून वाचलो. उद्या शंका येते ती हा पुरावा खिशात घालूनच. रात्रीच्या वाक्यांचंही तेच. आधी एकदा म्हटलेलं पुरायचं, आता पाऊण तास लागतो. तुमच्या ‘नक्की’ची किंमत महिन्यागणिक घसरत गेलीय आणि तुम्ही तेवढ्याच समाधानासाठी जास्त जास्त नाणी मोजताय.

तज्ज्ञ याला ‘फॅमिली अकोमोडेशन’ म्हणतात. मी आपलं ‘आजाराला सांभाळून घेणं’ म्हणते. मुलाला सांभाळायला जातो आणि सांभाळलं जातं आजाराला. ओसीडी असलेल्या मुलांच्या बहुतेक घरांत हे होतं. मायेच्या घरात तर जरा जास्तच.

आता उपचाराकडे येऊ. ओसीडीवरच्या ज्या उपचाराला सगळ्यांत भक्कम आधार आहे त्याचं नाव ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’, थोडक्यात ईआरपी. भीती वाटते तिथे पायरीपायरीने जायचं आणि ती घालवण्यासाठीची नेहमीची कृती करायची नाही. भीती थोडा वेळ राहू द्यायची. व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये दोन रुग्णांवरचा असा उपचार पहिल्यांदा नोंदवला. ते रुग्णालयातले प्रौढ रुग्ण होते आणि त्यांना त्या कृतींपासून परावृत्त करायला परिचारिका सतत जवळ असत. तुमच्या घरात रात्री दहा वाजता ते काम कोण करणार? समुपदेशक आठवड्यातून एक तास भेटतात. शिवाय मोठ्या माणसाची कृती तो स्वतः करतो. लहान मुलाची निम्मीअधिक कृती आईवडील पूर्ण करून देतात. वाक्यं तुम्ही म्हणता, मूठ तुम्ही फिरवता, कपडे तुम्ही बदलता. म्हणजे थांबवायचं ते बरंचसं तुमच्याच हातात आहे, त्याच्या संमतीची वाट न बघता. मला तर यात आरोपापेक्षा सोय दिसते.

हे नुसतं माझं मत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ५ ते ८ वर्षांच्या, ओसीडी असलेल्या १२७ मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार १४ आठवड्यांचे, आणि दोन्ही गटांत आईवडील सामील. एका गटात पालकांना हाताशी धरून ईआरपीवर आधारलेले उपचार, दुसऱ्यात अंग सैल सोडणं, शांत श्वास घेणं वगैरे. पहिल्या गटातली ७२ टक्के मुलं लक्षणीय सुधारली, दुसऱ्या गटातली ४१ टक्के. हे आकडे मी मुद्दाम देतेय, कारण ‘त्याला दीर्घ श्वास घ्यायला शिकवा’ एवढ्यावर बोळवण झालेल्या आईवडिलांची पत्रं मला बरीच येतात. दीर्घ श्वास वाईट नाही, पण ओसीडीला तेवढा पुरत नाही. समुपदेशक निवडायचा असेल तर सरळ विचारावं, ‘लहान मुलांसोबत ईआरपी करता का? घरी आम्ही काय करायचं ते शिकवाल का?’ उत्तर गोलगोल आलं तर दुसरं दार ठोठवावं.

फक्त आईवडिलांना बोलावण्याची पद्धतही आहे. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांच्या पद्धतीचं नाव ‘स्पेस’. तिच्यात उपचारक मुलाला भेटतही नाही, बदलायचं ते आईवडिलांनी. २०२० मध्ये छापून आलेल्या त्यांच्या चाचणीत ७ ते १४ वर्षांची १२४ मुलं होती आणि थेट मुलावर केलेल्या उपचाराइतकाच गुण या पद्धतीने आला. मात्र ती मुलं चिंतेच्या आजारांची होती, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा ओसीडीला लावणं मला पटत नाही. तुमच्या मुलाच्या वयाला बहुधा पहिल्या काही भेटी तुमच्या आणि मग तो तुमच्यासोबत, असं करतात. ‘त्याला कधीपासून आणायचं?’ हे पुढच्या भेटीत विचारून घ्या.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. दोन ते पाच-सहा वर्षांच्या मुलांचे असे हट्ट असतातच. तेच पांघरूण, तीच गोष्ट, फरशीच्या रेघेवर पाय द्यायचा नाही. पण त्या हट्टात मूल मजेत असतं आणि एखाद्या दिवशी चुकलं तर थोडं कुरकुरून पुढे जातं. तुमच्या मुलाच्या नियमांत मजा कुठे दिसतेय? वेळ वाढतोय, नियमांत नवी माणसं ओढली जातायत आणि तो स्वतः त्यात गुदमरतोय. हे थांबून बघण्यासारखं नाही. आपल्याकडे या आजाराला ‘मंत्रचळ’ असा जुना शब्द आहे, पण तो वापरला गेला तो नेहमी हसण्यावारी न्यायला. हल्ली तर कपाट नीट लावणारा कुणीही ‘मला जरा ओसीडी आहे’ म्हणतो. दोन्हीकडून पंचाईत एकच, खरोखर त्रासात असलेल्या मुलाकडे लक्ष उशिरा जातं.

आणि तुमचे यजमान. हे थांबायला हवं, हे त्यांना तुमच्या आधी कळलं, ते श्रेय त्यांना द्या. चुकतंय ते ‘दोन दिवस’ आणि ‘कडक’ या दोन शब्दांत. सगळं एका झटक्यात तोडलं तर मूल नियम सोडत नाही, लपवायला शिकतं. आणि एक बारीक गोष्ट त्यांना जरूर वाचून दाखवा: ‘दार लावलंय म्हणून सांगितलं ना एकदा!’ असं कुणी ओरडतं, तेव्हाही दार लावल्याची ग्वाही मुलाला मिळालेलीच असते. ओरडून दिलेला दिलासा हाही दिलासाच. जंतू कसे पसरतात याचं अर्ध्या तासाचं शास्त्रशुद्ध व्याख्यानही त्यातलंच. आजाराला आवाजाशी देणंघेणं नसतं, त्याला उत्तर हवं असतं.

मग करायचं काय? आधी आठवडाभर काहीच बदलू नका. एक वही घ्या आणि तिच्यात मुलाने काय केलं ते लिहू नका, त्याच्या भीतीपायी तुम्ही काय केलंत ते लिहा. ‘सकाळी ७.१०, बाथरूमचं दार मी उघडलं. ७.२५, पुन्हा. ७.४०, “टॉवेलला कुणी हात लावला?” यावर तीनदा उत्तर दिलं.’ यजमानांची पानं वेगळी, सासूबाईंची वेगळी. पान भरायला लागलं की घरातल्या प्रत्येकाला आपापला वाटा दिसतो आणि कुणी कुणाकडे बोट दाखवायची गरज उरत नाही. समुपदेशकाकडे जाताना ही वही न्या, दहा प्रश्नांची उत्तरं तिच्यात आयती मिळतील.

मग तिच्यातली एकच गोष्ट निवडा. रात्रीची वाक्यं ही पहिली पायरी नको असं मला वाटतं. रात्री तोही दमलेला, तुम्हीही, आणि पाऊण तासाची सवय. दाराची मूठही नको, कारण तुम्ही मूठ फिरवली नाहीत तर ती त्यालाच फिरवावी लागते, म्हणजे पहिल्याच दिवशी परीक्षा त्याची. कपड्यांचा नियम मला बरा वाटतो. तो पूर्णपणे मोठ्यांच्या हातात आहे, त्यात मुलाने काहीच करायचं नाही. पहिल्या आठवड्यात बाबांनी बाहेरून आल्यावर हातपाय धुवायचे, पण कपडे न बदलता त्याच्या खोलीच्या दाराशी स्टूल टाकून दहा मिनिटं बसायचं. त्याच्याशी गप्पा मारायच्या, कपड्यांचा विषय काढायचा नाही. पुढच्या आठवड्यात स्टूल आत. मग पलंगाच्या कडेला. समुपदेशकांनी दुसरी पायरी सुचवली तर ती घ्या. हे करताना ताईची सुटका आधी करा. आई-बाबांनी नियम मोडायचा आणि अकरा वर्षांच्या मुलीने पाळत राहायचा, हे तिच्यावर अन्याय करणारं आहे. शिवाय तिने पाळलेला नियम म्हणजे आजाराला मागच्या दाराने शिधा.

मुलाला अंधारात ठेवून यातलं काही करू नका. गुपचूप कपडे न बदलता आत शिरलात आणि त्याला ते कळलं, तर तो उद्यापासून तुमचीही तपासणी करेल. सुट्टीच्या सकाळी, पोटभर झोप झालेली असताना, दोघांनी त्याला जवळ घेऊन सांगा. चार ओळी कागदावर लिहून वाचल्या तर उत्तम, कारण तो वाद घालायला लागला की आपण वाहवत जातो. अशा काहीशा: ‘तुला कपड्यांची खूप भीती वाटते, आम्हाला माहितीये. आम्ही तुला मदत करायला म्हणून कपडे बदलत होतो, पण त्याने भीती मोठीच होत गेली. म्हणून सोमवारपासून बाबा तसेच येऊन दाराशी बसणार. तुला भीती वाटेल. पण तुला ती पेलेल, याची आम्हाला खात्री आहे.’ कागद त्याच्याकडे द्या. फाडला तरी रागावू नका, वाचून झालेला आहे.

त्या कागदावरच्या शेवटच्या दोन वाक्यांत या पद्धतीचा गाभा आहे. भीती वाटतेय हे मान्य, आणि पेलेल हा विश्वास. दोन्ही एकत्रच हवीत. पहिलं एकटं आलं तर ती नुसती कीव, दुसरं एकटं आलं तर दटावणी. ‘काही होणार नाही रे’ यात यातलं एकही नाही. ऐकायला मायाळू वाटतं खरं, पण तो तोच जुना दिलासा.

इथे एक फट आहे, ती आधीच सांगून ठेवते. हुशार मुलं (आणि ओसीडी असलेली मुलं मला बहुधा तल्लख भेटलीयत) हे नवं वाक्यही पकडतात. ‘आई, “तुला पेलेल” म्हण. नाही, तसं नाही, नीट म्हण.’ संपलं! नवा मंत्र तयार. म्हणून शब्द बदलत राहा. कधी ‘जमेल तुला’, कधी नुसता पाठीवर हात, कधी डोळ्यांनीच. आणि तेही एकदा. दुसऱ्यांदा विचारलं तर ‘याचं उत्तर मी आता देणार नाही, पण मी इथेच आहे.’ विचारणं खरंच माहितीसाठी आहे की दिलाशासाठी, हे कसं ओळखायचं? उत्तर मिळाल्यावर मूल खेळायला गेलं तर माहिती. उत्तर मिळाल्यावर तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत आला तर दिलासा.

पहिले काही दिवस वाईट जातील. लिफ्ट आली नाही की आपण बटण आणखी चार वेळा दाबतो, जोरात दाबतो. तुमचा मुलगाही दाबेल. रडेल, ‘तू वाईट आई आहेस’ म्हणेल, कदाचित वस्तू फेकेल. पद्धत फसली असं समजू नका, बटण चालेनासं झाल्याची ती खूण असते. फक्त पंचविसाव्या मिनिटाला तुम्ही हरलात तर तो पंचवीस मिनिटं रडायला शिकेल. म्हणून पायरी इतकी लहान घ्या, की तुम्ही ती नक्की निभावाल. त्याच्या धीरापेक्षा पायरी तुमच्या धीराच्या मापाची हवी. आणि एखाद्या दिवशी हरलात, तर हरलात. वहीत लिहा आणि उद्या स्टूल थोडं मागे घ्या.

त्याने दहा मिनिटं निभावली की कौतुक करा. भीती गेली म्हणून नाही, भीती असूनही बसून राहिला म्हणून. वहीवर चिकटवायची एक चांदणी, किंवा तुमच्यासोबत जास्तीचा एक खेळ पुरतो. पुष्कळ समुपदेशक आजाराला एखादं नाव द्यायला सांगतात, म्हणजे ‘मी वेडा’ऐवजी ‘तो त्रास देतोय’ असं मुलाला म्हणता येतं. नाव त्यालाच ठेवू द्या. आपण मोठी माणसं लगेच ‘शंकासुर’ सुचवून मोकळी होतो आणि मूल रात्री त्या असुरालाच घाबरतं. एका मुलीने माझ्यासमोर ‘चिकटू’ हे नाव ठेवलं होतं. चिकटूशी भांडायला तिला अजिबात भीती वाटायची नाही.

हे वाचणाऱ्या इतर आईबाबांसाठी थोडं, घाईने. लक्षणं एका रात्रीत, अगदी तारीख सांगता यावी इतकी अचानक सुरू झाली असतील, विशेषतः घसा दुखून गेल्यावर, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मूल खाणंपिणं टाळत असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाचं बोलत असेल, तर वही वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. औषधाचं नाव निघालं की दचकू नका. सर्ट्रालीन हे औषध अमेरिकेत ओसीडीसाठी ६ वर्षांपासून पुढच्या मुलांना मान्य आहे. त्रास जास्त असेल तर औषध आणि ईआरपी दोन्ही मिळून देतात. २००४ मध्ये ७ ते १७ वर्षांच्या ११२ मुलांवर झालेल्या चाचणीत असा एकत्रित उपचार सगळ्यांत सरस ठरला होता. कधी, किती, हे ठरवायचं काम डॉक्टरांचं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. कपड्यांची पायरी पार झाली, काही आठवडे गेले आणि वाक्यांची पाळी आली. सकाळीच त्याला सांगून ठेवलंय, की आजपासून आई वाक्यं एकदाच म्हणणार, खोकला आला तर आला. मुद्दाम खोकलात तरी चालेल, पण तेही त्याला आधी सांगून. रात्री तुम्ही एकदा म्हणता. तो म्हणतो, ‘परत.’ तुम्ही गप्प. मग तो रडत विचारतो, ‘आई, तू का म्हणत नाहीस?’

खरं उत्तर द्या. ‘कारण मी म्हटलं की तुझी शंका मोठी होते. तुला आत्ता कसंतरी होतंय, मला दिसतंय. मी खुर्चीवर बसलेय.’ एवढंच. पुढचे प्रश्न येऊ देत, रडू येऊ दे. तुम्ही खुर्ची सोडू नका आणि वाक्यही म्हणू नका. यजमानांना बाहेर सांगून ठेवा, की आवाज आला तरी आत यायचं नाही आणि सासूबाईंनाही येऊ द्यायचं नाही. रडून रडून तो केव्हातरी झोपेल. घड्याळ बघा, वहीत वेळ लिहा, तुमचा घसा कोरडा पडला असेल, पाणी प्या. दुसऱ्या रात्रीची वेळ तिच्याखाली लिहा. ती कदाचित पहिल्या रात्रीपेक्षा उशिराची असेल. तिसरीही लिहा.